तिवरावरची अळी आणि फवारणीची घाई

सागाच्या पानांच्या नुसत्या शिरा मागे ठेवणारी हिब्लिया पुएरा या पतंगाची अळी कोकणाला नवी नाही. पावसाच्या तोंडावर कोवळा पाला फुटला की ती हजर. हीच अळी खाडीतल्या तिवरावरही ताव मारते. मुंबई-ठाण्याकडे तिने तिवरं करपल्यासारखी तपकिरी केली की ‘काहीतरी फवारा’ अशी ओरड होते. कोळंबच्या किंवा आचऱ्याच्या खाडीत उद्या असं झालं, तर मालवणातही तीच होईल.

ती ओरड खुळी नव्हे. केरळात निलंबूरच्या चार ते नऊ वर्षांच्या सागात या अळीमुळे लाकडाची तब्बल ४४ टक्के वाढ बुडते, असं तिथल्या वन संशोधन संस्थेने मोजलं आहे. सागाकडे ठेव म्हणून बघणाऱ्या बागायतदाराला निसर्गाचा समतोल ऐकवून काय उपयोग?

खाडीचा हिशेब मात्र निराळा, तिथे फवारलेलं पाण्यात उतरतं. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये फर-स्प्रूसची सूचिपर्णी रानं खाणाऱ्या एका पतंगाच्या अळीवर १९५२ पासून विमानांतून डीडीटी फवारलं गेलं. १९५४ साली ते मिरामिशी नदीच्या खोऱ्यात पडलं आणि सामन माशांची त्या वर्षीची पिल्लं मेली. मोठ्या पिल्लांना खायला पाण्यातले किडेही उरले नाहीत. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ही हकिकत पुस्तकात मांडली. आणि न्यू ब्रन्सविकची ती अळी अजूनही अधूनमधून उठतेच.

तिवराच्या तर बुंध्याशीच भरतीचं पाणी येतं. तिथेच कुर्ल्या आणि सुंगटांची पिल्लं वाढतात. वर पानाची कड रेशमाने दुमडून अळी आत बसते, तिची लेंडी खाली चिखलात पडते आणि मोठं तिवर काही आठवड्यांत पुन्हा पालवतं.

मधली वाट आहे. केरळच्याच संस्थेने या अळीला रोग लावणारा विषाणू वापरून पाहिला. बीटी जिवाणूचं औषधही मिळतं. पण ते इतर फुलपाखरांच्या अळ्यांनाही सोडत नाही, हे विक्रेता सांगेलच असं नाही.

म्हणून आपल्या सागाचं मालकाने ठरवावं, पण जमिनीचा उतार व्हाळाकडे असेल तर रासायनिक औषधाचा पंप बाहेर काढू नये. नव्या लावलेल्या तिवरांवरच्या अळ्या हाताने वेचाव्यात, जुन्या झाडांना हात लावू नये. वनखातं, ग्रामपंचायत आणि खाडीवर पोट असलेली माणसं यांनी हे पावसाआधीच बसून ठरवावं. आणि दोन महिन्यांतही झाडं फुटली नाहीत, तर पुन्हा बसावं.