डहाणूच्या ताडीतलं यीस्ट उद्या लस बनवेल का? अडलंय कुठे?

१६ मार्च २०२२ पासून देशभर १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स ही कोरोनाची लस देण्यात आली. तिच्यातलं प्रथिन 'पिकिया' नावाच्या यीस्टमध्ये तयार होतं. म्हणजे डहाणू-तलासरीच्या शाळकरी मुलांच्या दंडातही यीस्टची कमाई पोहोचली.

याच तालुक्यांत ताडाचा, शिंदीचा रस उतरवला की काही तासांत आंबतो. विरजण कुणी घालत नाही. झाडावरची, मडक्यातली यीस्ट आणि जिवाणू ते काम करतात. त्यातलं एखादं उपयोगी निघालं, तर?

इथेच गाडी अडते. पावाच्या यीस्टमध्ये बाहेरचं जनुक घालणं १९७८ मध्येच जमलं. रानटी यीस्टचं तसं नाही. पेशीची भिंत डीएनए आत येऊ देत नाही; आला तर पेशी तो हव्या त्या जागी न बसवता कुठेही चिकटवते. काही कँडिडा जाती तर जनुकातलं एक अक्षरत्रिकूट वेगळंच वाचतात, त्यामुळे उसनं जनुक चुकीचं प्रथिन बनवतं. म्हणून प्रत्येक यीस्टची कृती वेगळी: लिथियमचं मीठ आणि उष्णता, विजेचा झटका, कुठेही चिकटवणारी 'केयू' जनुकं बंद करणं, आणि आता क्रिस्पर.

स्थानिक यीस्ट कामाचं ठरतं, याचं उदाहरण जवळच आहे. मुंबईजवळच्या तेलकट समुद्रातून मिळालेलं यारोविया यीस्ट खनिज तेलातले घटक खातं. पुणे विद्यापीठात त्यावर बरंच संशोधन झालं. 'एनसीआयएम ३५८९' या क्रमांकाने ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहात आहे.

पद्धती सुधारल्या की मडक्यातल्या यीस्टलाही बाजारभाव येईल. मग त्यावर हक्क कुणाचा? जैवविविधता कायदा २००२ सूक्ष्मजीवांनाही 'जैविक संसाधन' मानतो. परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची आधी परवानगी लागते, आणि लाभात स्थानिकांना वाटा देण्याची तरतूद आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तेव्हा ग्रामसभेचा शब्दही हलका नाही.

पण वाटा मागायला नोंद हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत झाडं येतात, मासे येतात. ताडीतलं यीस्ट कुणाला सुचणार? खरं तर त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. कोणत्या पाड्यावर, कोणत्या झाडाची ताडी, किती वेळ आंबवतात, एवढं गावच्या जैवविविधता समितीने लिहिलं तरी सुरुवात होते.