फोटो धूसर? आधी फोटोलाच विचारा!

मुलांनो, फोटो धूसर आला की आपण पटकन काय म्हणतो? "कॅमेरा बिघडला!" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, "कुणी बिघडवला?" मग घरात जो सगळ्यांत लहान, त्याच्याकडं बोट दाखवलं जातं. खरं ना?

एका वाचक मुलीच्या पत्रात अगदी हेच आहे. तिच्या दादाला रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचा नाद आहे. त्यासाठी त्यानं आपल्या डिजिटल कॅमेऱ्यात थोडा बदल करून घेतला. तेव्हापासून फोटोतल्या चांदण्या टिंबासारख्या न येता वाटाण्यासारख्या गोल येतात. त्याच सुमारास धाकट्या भावाच्या हातून कॅमेरा गादीवर पडला होता. शिवाय बंद कॅमेरा हलवला की आत खुडखुड वाजतं. झालं! भावानंच कॅमेरा मोडला, असा निकाल लागला. पत्र लिहिणाऱ्या ताईला मात्र हा निकाल पटत नाही. चला तर, आपण तपास करू या.

पहिला पुरावा खुडखुड आवाजाचा. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. आपला हात थरथरला की फोटो हलतो. म्हणून काही कॅमेऱ्यांत हा सेन्सरच हलता ठेवलेला असतो. हात एकीकडं गेला की सेन्सर तितकाच सरकून चित्र जागेवर धरतो. २००३ साली मिनोल्टाच्या 'डायमेज ए१' या कॅमेऱ्यात ही युक्ती प्रथम आली. आता हा सेन्सर चुंबक आणि तारांची वेटोळी यांच्या जोरावर तरंगत असतो. कॅमेरा बंद केला की जोर संपतो, सेन्सर सैल होतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत तो खुडखुडतो. दादाचा कॅमेरा याच जातीचा आहे. म्हणजे आवाज येतो एवढ्यावरून काही मोडलं असं ठरत नाही, बरं का!

आता बदल कोणता केला ते पाहू. सेन्सरला आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. तो अडवायला सेन्सरपुढं एक काच बसवलेली असते. पण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघासारख्या ढगांमधून हायड्रोजनचा जो लाल प्रकाश येतो, तोही ही काच बराचसा अडवते. म्हणून आकाशाचे फोटो काढणारे ती काच काढून घेतात किंवा दुसरी बसवतात. आणि इथंच खरी गंमत आहे!

एक प्रयोग करा. सपाट, जाड काचेचा तुकडा वर्तमानपत्रावर ठेवा (कडा घासलेल्या हव्यात हं). वरून पाहिलंत तर अक्षरं वर उचलल्यासारखी दिसतील. किती? काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पाण्यानं भरलेली बादली उथळ दिसते ना, तसंच हे. काचेतून जाताना प्रकाशकिरण वळतात. कॅमेऱ्यातही तेच होतं. समजा, ३ मिलिमीटर जाडीची काच काढली आणि तिच्या जागी काहीच बसवलं नाही, तर किरण एकत्र येण्याची जागा १ मिलिमीटर पुढं येते. सेन्सर मात्र होता तिथंच मागं राहतो. १ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? पण ५० मिलिमीटरचं भिंग असेल आणि त्याचं फिरणं 'अनंत' खुणेपाशीच थांबत असेल, तर सुमारे अडीच मीटरच्या पलीकडं फोकस बसतच नाही! काही भिंगं त्या खुणेच्या थोडी पुढंही फिरतात, तेव्हा थोडाफार फरक निभावतो.

मग खरं कारण शोधायचं कसं? धूसरपणाचा आकार पाहायचा.

सगळ्या फोटोभर चांदण्यांचे सारखे गोळे असतील, तर फोकस चुकला आहे. एकाच बाजूला किंवा कोपऱ्यात धूसर असेल, तर सेन्सर तिरका बसला असेल किंवा भिंग सरकलं असेल. सगळ्या चांदण्यांच्या सारख्याच वेड्यावाकड्या रेघा आल्या, तर कॅमेरा किंवा सेन्सर हलला आहे. आणि ध्रुवताऱ्याभोवती फिरल्यासारख्या कमानी आल्या, तर कॅमेऱ्याचा काही दोष नाही. आपली पृथ्वीच तासाला १५ अंश फिरते!

यानंतर परीक्षा घ्यायची. दिवसा वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा स्टँडवर पक्का बसवून पानासमोर सरळ ठेवा. बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून टायमर लावा. एक फोटो सेन्सरची हालचाल बंद ठेवून काढा, दुसरा चालू ठेवून. बाकी काही म्हणजे काही बदलायचं नाही. फक्त दुसराच धूसर आला, तर हालचालीच्या यंत्रणेकडं पाहायला हवं. नवी काच जड झाली असेल, आतली पट्टी चिमटली असेल. किंवा कॅमेरा स्टँडवर असूनही यंत्रणा उगाच चुळबुळ करत असेल. म्हणून पुष्कळ कॅमेऱ्यांत स्टँडवर ती बंद ठेवायची असते. दोन्ही धूसर आले तर फोकस किंवा तिरकेपणा तपासायचा.

ताईनं पत्राबरोबर फोटो पाठवले आहेत. चांदण्यांचे गोळे मधे, कडेला, सगळीकडं सारखेच आहेत. ती असंही लिहिते, की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून घरात काढलेले फोटो स्वच्छ येतात, फक्त लांबचं बिघडतं. आता तुम्हीच सांगा, बोट कुणाकडं जातं? काच बदलण्याकडं! भाऊ सुटला. काच बसवणाऱ्याकडून योग्य जाडीची स्वच्छ काच बसवून घेतली, किंवा सेन्सर तेवढा पुढं आणून घेतला, की काम होईल.

मात्र कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशच्या भागात बॅटरी काढल्यावरही वीज साठून राहते, तिचा जोराचा झटका बसतो. आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडं कधीही पाहू नका.

पालकांनो, एक विनंती. वस्तू बिघडली की "कुणी केलं?" याआधी "काय झालं?" असं विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाला मुलं घाबरून खोटं बोलतात किंवा गप्प बसतात. दुसऱ्या प्रश्नाला ती शोधायला लागतात.

आणि मुलांनो, काचेचा प्रयोग केलात की जाडी मोजा, अक्षरं किती वर आली याचा अंदाज घ्या आणि वहीत लिहा. काचेवर काच ठेवून जाडी दुप्पट केली तर काय होतं, तेही नक्की पाहा!