वैमानिकाच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा?

संगणक कंपनीतील तिशी ओलांडलेला अभियंता राजीनामा देतो, भविष्य निर्वाह निधी काढून घेतो, वडिलांचे राहते घर बँकेकडे तारण ठेवतो आणि वैमानिक होण्यासाठी उड्डाण प्रशिक्षण संस्थेत दाखल होतो. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या अशा तरुणाला स्वप्नामागे धावणारा वीर ठरवतात. चळवळीतील काही साथी मात्र त्याच्याकडे पाहून नाक मुरडतात. लाखोंचा पगार घेणाऱ्यांचा श्रमिकांच्या लढ्याशी संबंध काय, असा त्यांचा सवाल असतो. दोन्ही दृष्टी उथळ आहेत. या तरुणाच्या धाडसाचा हिशेब मांडला, म्हणजे भांडवल आपला खर्च कामगाराच्या माथी कसा मारते याचे स्वच्छ उदाहरण समोर येते.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि कठोर वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. त्यानंतर ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यावे लागते. हा सारा खर्च अर्ध्या कोटीपासून एक कोटीच्या घरात जातो. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे तारण द्यावे लागते. म्हणजे गिरणी कामगाराच्या वा शेतमजुराच्या मुलाला हा दरवाजा पहिल्याच पायरीवर बंद होतो. ज्याच्यापाशी घर आहे तो ते पणाला लावून आत शिरतो. आणि परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळाली, असेही नाही.

हे नेहमी असेच नव्हते. १९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान मिळे. १९८५ साली रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे केंद्र सरकारने उड्डाण अकादमी स्थापन केली. ती व्यवस्था निर्दोष नव्हती, तिचा लाभही थोड्यांनाच मिळाला. पण वैमानिक घडवणे ही काही अंशी समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व तिला मान्य होते. १९९४ साली हवाई महामंडळ कायदा रद्द झाला, खाजगी कंपन्यांना आकाश मोकळे झाले आणि ते तत्त्व हळूहळू बाजूला पडले. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या मागणीचे करार जाहीर केले. विमानासाठी भांडवल कंपनी उभारते. विमान चालवणाऱ्या हातांसाठी मात्र ते हातच कर्ज काढतात!

बाजाराचे पुरस्कर्ते येथे गॅरी बेकर यांचा दाखला देतील. १९६४ च्या आपल्या ग्रंथात बेकर यांनी मांडले की, जे कौशल्य कामगार कोणत्याही मालकाकडे विकू शकतो त्याचा खर्च कामगाराने सोसावा. जे एकाच मालकाच्या उपयोगाचे त्यात मालकाने वाटा उचलावा. पण भारतातील देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे नव्वद टक्के प्रवासी दोनच उद्योगसमूहांच्या विमानांतून जात असतील, तर हे कौशल्य विकायचे कोठे? त्यातही २०१७ साली सरकारने नोकरी सोडू इच्छिणाऱ्या कमांडरवर एक वर्षाची आणि सहवैमानिकावर सहा महिन्यांच्या पूर्वसूचनेची सक्ती केली. खर्चाच्या वेळी वैमानिक ‘स्वतंत्र’ आणि नोकरी सोडण्याच्या वेळी बांधील, असा हा न्याय आहे.

कंपनी बुडते तेव्हा या न्यायाचे खरे रूप उघडे पडते. २०१२ साली किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली. किंगफिशर आणि जेटच्या कर्मचाऱ्यांचे तर महिनोन्‌महिन्यांचे पगार थकले होते. भागधारकाची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते. वैमानिकाच्या वडिलांच्या घराला अशी कोणतीही मर्यादा वाचवत नाही. कंपनीचे उड्डाण थांबते, बँकेचा हप्ता थांबत नाही.

हा प्रश्न केवळ वैमानिकाच्या खिशाचा आहे काय? मुळीच नाही. थकलेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये, असे नियम सांगतात. परंतु ज्याच्या मानेवर हप्त्याचे जोखड आहे, तो वरिष्ठांना ‘आज जमणार नाही’ असे किती वेळा सांगू शकेल? जानेवारी २०२४ मध्ये महासंचालनालयाने साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या उड्डाणांना आवर घालणारे नियम जाहीर केले. कंपन्यांच्या विरोधामुळे ते लांबले. वैमानिक संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा २०२५ मध्ये ते दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. नियमांची पूर्वकल्पना असूनही पुरेशी तयारी न करणाऱ्या कंपनीला शासनाने काय दिले? रात्रीच्या कामाच्या नियमांतून तात्पुरती सूट! विश्रांती कामगाराची आणि सुरक्षितता प्रवाशांची, पण सवलत मात्र मालकाला.

सुखवस्तू तरुणांच्या हौसेसाठी करदात्याचा पैसा का खर्चावा, असा आक्षेप घेतला जाईल. पण करदात्याकडे हात पसरण्याचे कारणच नाही. प्रत्येक विमानामागे कंपन्यांवर प्रशिक्षण अधिभार बसवावा आणि त्या निधीतून सार्वजनिक अकादम्या चालवाव्यात. प्रवेश गुणवत्तेवर आणि सामाजिक न्यायाच्या तत्त्वावर द्यावा. टाइप रेटिंगचा खर्च वैमानिकाकडून वसूल करण्यास कायद्याने बंदी असावी. कंपनी बंद पडल्यास तिच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण-कर्जाचे हप्ते स्थगित व्हावेत. विश्रांतीच्या नियमांतून कोणत्याही कंपनीला सूट मिळू नये.

वैमानिकांनीही आपला गणवेश सामान वाहणाऱ्या आणि विमान झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांपासून वेगळा राखण्याचा मोह सोडला पाहिजे. विमानतळावर दोघांचाही मालक तोच भांडवलदार आहे. कार्यकर्त्यांनी या क्षेत्राकडे श्रीमंतांचा प्रश्न म्हणून पाठ फिरवली, तर संघटनेचे काम अर्धवट राहील. कर्जाने वाकलेला माणूस कितीही उंच उडाला तरी तो कामगारच असतो. त्याच्यामागे दीडशे-दोनशे प्रवासी बसलेले असतात. त्यांच्या सुरक्षिततेचा भार त्याच्या कर्जाच्या वहीवर टाकण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.