सातबारा एकाचा, घाम दुसऱ्याचा

मावळातले धंदे बहुतेक असेच सुरू होतात. एकाची वडिलोपार्जित जागा, दुसऱ्याचे पैसे, तिसऱ्याची मेहनत. लोणावळ्यातलं चिक्कीचं दुकान असो, की पवनेच्या काठचे तंबू. कागदाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "आपल्यात कसली लिखापढी?" या वाक्याची मला भीती वाटते.

कारण तुम्ही काही लिहिलं नाही, तरी कायद्याने लिहून ठेवलेलं आहे. १९३२चा भागीदारी कायदा सांगतो, की वेगळं ठरलं नसेल तर नफा-तोटा सर्वांना सारखा, आणि धंदा चालवल्याबद्दल भागीदाराला पगार नाही. आता भट्टीपुढे उभा असलेला भागीदार डोळ्यांपुढे आणा. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो कडकन तुटतो का बघायचं, दाणे घालायचे, गार व्हायच्या आत लाटून वड्या पाडायच्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तर मान वर करायला फुरसत नाही. त्याचा वाटा आणि महिन्यातून एकदा हिशेबाला येणाऱ्याचा वाटा एकच! पहिलं वर्ष दोस्तीत निघतं. तिसऱ्या वर्षी घरात बोलणी सुरू होतात.

जागेचं दुखणं त्याहून मोठं. पत्र्याची शेड, बोअर, स्वच्छतागृहं सगळ्यांच्या पैशांतून होतात. सातबाऱ्यावर नाव मात्र एकाचंच. जागा भागीदारीत आली, की नुसती वापरायला दिली, हे पहिल्याच दिवशी ठरायला हवं. एक्स्प्रेस वेनंतर इथल्या जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. भाव चढल्यावर ही बोलणी गोडीत होत नाहीत.

याच तालुक्यात, तळेगाव दाभाड्यात, १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. कायद्याच्या अर्थाने ती भागीदारी नव्हे, पण कोण काय आणणार हे तिथे स्वच्छ होतं. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, टिळकांनी आपलं वजन मागे उभं केलं, आणि जपानमध्ये काच शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी विद्या आणली. त्याच वर्षी टिळकांना मंडालेला नेलं. पुढे वार्ष्णेयांनी उत्तरेत बहजोईला स्वतःचा कारखाना काढला. तळेगावचं काम मात्र चालू राहिलं. माणूस गेला तरी धंदा उभा राहावा, अशी सोय मला आजच्या भागीदाऱ्यांत फार कमी दिसते.

करारात मुदत किंवा शेवट ठरलेला नसेल, तर एका भागीदाराच्या लेखी नोटिशीने फर्म मोडू शकते. एक दगावला, तर वेगळा करार नसताना ती तिथेच विसर्जित होते. नोंदणी नसेल तर उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मला सहसा दावाही लावता येत नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्याला किती आणि किती हप्त्यांत द्यायचं, हे आधीच लिहा. गर्दीचा रविवार सरला की सोमवारी वही सगळ्यांसमोर उघडा. आणि करार झाला की तो भागीदारांच्या बायकांना, मुलांनाही वाचून दाखवा. उद्या हिशेबाला त्यांनाच बसावं लागेल.