अकरावी-बारावीची दोन निराधार वर्षे

दहावीचा निकाल लागला की गावोगाव पेढे वाटले जातात, गुणवंतांचे सत्कार होतात, आणि आठ-पंधरा दिवसांत हा उत्साह ओसरतो. त्यानंतर जे घडते त्याकडे मात्र समाजाचे फारसे लक्ष नसते. विज्ञान घ्यावे की वाणिज्य, गणित ठेवावे की सोडावे, जीवशास्त्राऐवजी द्विलक्ष्यी विषय घेतला तर पुढे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एखाद्या नेट कॅफेत, मागे रांगेत उभ्या असलेल्यांच्या घाईत द्यावी लागतात. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. प्रवेशाची पद्धत बदलली. परंतु पसंतीक्रम भरताना मुलाच्या शेजारी कोणी जाणता माणूस बसलेला असावा, ही गरज तशीच राहिली आहे.

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याने निघाले की जेमतेम दहा किलोमीटरवर पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. येथेच 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांची जीवनयात्रा संपली. ज्यांना स्वतःला शाळेचा लाभ झाला नाही, त्या बाबांनी आयुष्यभर कीर्तनांतून एकच आग्रह धरला, की पोटाला चिमटा घ्या, पण पोरांना शिकवा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वलगाव परिसरातील विद्यार्थ्याला हे विद्यापीठ, 1964 पासून चालत आलेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, 1923 साली स्थापन झालेली विदर्भ महाविद्यालयाची जुनी वास्तू, 2024 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हे सारे एस.टी.च्या टप्प्यात आहे. तथापि तेथवर पोहोचण्याची वाट अकरावीच्या प्रवेश अर्जातून जाते, आणि ती वाट दाखविणारे त्याच्या घरात बहुधा कोणी नसते.

या दोन वर्षांत घेतलेला साधासा निर्णयही किती दूरवर परिणाम करतो, हे पाहण्यासारखे आहे. द्विलक्ष्यी विषयासाठी जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलीला पुढे वैद्यकीय प्रवेशाची इच्छा झाली, तर त्या विषयाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. गणित सोडणाऱ्याला वास्तुशास्त्राचे दार बंद होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा बारावी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो. हवाई दल व नौदलासाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित आवश्यक आहे. 2021 पासून ही परीक्षा मुलींनाही खुली झाली, ही वार्ता खेड्यांतील किती मुलींपर्यंत वेळेवर पोहोचली असेल? अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पदवी घ्यायची तर साधारणतः विज्ञान शाखा आणि सामाईक प्रवेश परीक्षा यांतून जावे लागते. शेतीच करायची म्हणून कला शाखेत निश्चिंत बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे बारावीनंतर कळले, तर त्याचा उपयोग काय? उलट, विज्ञान जड जाऊ लागले म्हणून खचलेल्या मुलाला हे कोणी सांगत नाही की, बारावी विज्ञान उत्तीर्ण झाल्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला शाखेची अट नाही, सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेलाही नाही.

विषयांच्या निवडीइतकीच कागदपत्रांची गोष्ट महत्त्वाची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल असे पुरावे शोधावे लागतात. इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसील कचेरीचे किती खेटे घालावे लागतात हे त्या घरालाच ठाऊक. हे काम अकरावीच्या दिवाळीपर्यंत सुरू झाले तर शांतपणे पार पडते. परंतु बारावीचा निकाल हाती आल्यावर धावपळ सुरू झाली, की परीक्षेत कमावलेले गुण कचेरीत गमावण्याची पाळी येते. येथे महाविद्यालयातील लिपिकाचे स्थान प्राध्यापकाहून तसूभरही कमी नाही. वेळेवर सूचना फलकावर लावणारा, अर्जातील चूक हेरून मुलाला परत बोलावणारा लिपिक एखाद्याचे सबंध वर्ष वाचवू शकतो.

मार्गदर्शनाची ही पोकळी रिकामी राहिलेली नाही. ती खासगी शिकवणीवर्गांनी भरून काढली आहे. अकोला हे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांचे मोठे केंद्र झाले. नाव एखाद्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि विद्यार्थी शिकवणीच्या शहरात, हा प्रकार आता कोणाला नवलाचा वाटत नाही. शिकवणीवर्ग चालविणाऱ्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. तेथे चांगले शिकविले जाते हेही मान्य करावे. परंतु जो माल विकतो त्यानेच गिऱ्हाइकाला कोणता माल घ्यावा याचा सल्ला द्यावा, अशा बाजारात ग्राहकाचे हित सुरक्षित राहत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे. तुझा कल या परीक्षेकडे नाही, तू दुसरा मार्ग धर, असे सांगणे शिकवणीवर्गाच्या हिशेबात बसत नाही. कापूस वा सोयाबीन विकून, प्रसंगी कर्ज काढून भरलेले शुल्क हा या व्यवहारातील दिसणारा खर्च. न दिसणारा खर्च याहून मोठा आहे. न झेपणाऱ्या परीक्षेमागे पुन्हा पुन्हा घालविलेली वर्षे, त्या काळात हातची गेलेली दुसरी संधी, आणि आपण नालायक आहोत ही मनात घर करून बसलेली भावना, यांची नोंद कोणत्याच खातेवहीत होत नाही.

हा प्रश्न आजचा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिक्षणसंस्था उभारण्यापूर्वी सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले. खेड्यातून आलेल्या मुलाला वर्गाइतकीच पाठीवर हात ठेवणाऱ्या माणसाची गरज असते, हे त्यांनी ओळखले होते. 1966 साली अहवाल देणाऱ्या कोठारी आयोगाने मार्गदर्शन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानून, दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा असे सुचविले होते. त्याच आयोगाच्या शिफारशीतून आलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला. कनिष्ठ महाविद्यालये त्यातूनच जन्माला आली. आराखडा उचलला, परंतु मुलाला सांभाळणारा माणूस अहवालातच राहिला. 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू झाली, काही वर्षांनी ती बंद पडली. तिचा हेतू चांगला होता. परंतु चाचणीचा कागद हातात पडल्यावर, बाबा रे, याचा अर्थ असा, असे समजावून सांगणारा कोणी नसेल तर त्या कागदाचे मोल ते काय?

म्हणून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकाकडे हे काम अधिकृतपणे सोपवावे आणि त्या प्रमाणात त्याच्या तासिका कमी कराव्यात. प्रत्येक विद्यार्थ्याची एक साधी वही असावी. तीत त्याचे गुण, त्याची आवड, घरची परिस्थिती आणि मिळालेल्या व न मिळालेल्या कागदपत्रांची नोंद राहावी. अकरावीच्या पहिल्या सत्रानंतर त्याच्याशी व पालकांशी एकदा निवांत बोलणे व्हावे, आणि शाखा चुकली असेल तर ती बदलणे हा कमीपणा मानला जाऊ नये. वलगाव आणि आसपासची अशी दहा महाविद्यालये मिळून एक प्रशिक्षित समुपदेशक शासनाने द्यावा. एका वेतनाचा हा खर्च आहे. एकाच तालुक्यातील मुलांच्या वाया जाणाऱ्या वर्षांशी त्याची तुलना केली तर तो अगदीच किरकोळ ठरेल.

शिक्षकांची जागा रिक्त, अनेकजण विनाअनुदानित तुकड्यांवर तुटपुंज्या मानधनात राबणारे, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. त्यांच्या माथी आणखी एक ओझे कशाला, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. तासिका न घटविता केवळ परिपत्रक काढून हे काम लादले गेले, तर ते रजिस्टरात पार पडेल आणि विद्यार्थी होता तेथेच राहील. परंतु आज विद्यार्थ्याला जो काही सल्ला मिळतो तो अशाच कष्टी शिक्षकांकडून, व्हरांड्यात उभ्या उभ्या मिळतो. त्यांच्या या कामाला वेळ आणि मान देणे एवढीच येथे मागणी आहे.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच निकडीचे आहे. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. बारावी संपताच हा पास संपतो, आणि आता शिक्षण पुरे ही भाषा अनेक घरांत त्याच सुमारास सुरू होते. 2024 मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्गीय, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले. हा लाभ केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींनाच आहे. ही एक अट जिला बारावीतच समजली ती शिकेल. जिला समजली नाही तिच्या वडिलांना शुल्काचा आकडा ऐकूनच निर्णय घ्यावा लागेल. निर्णय बापाचा असेल, पण चूक त्याची एकट्याची म्हणता येईल काय?

पेढीच्या काठी ज्याची यात्रा संपली त्या संताने दारोदार फिरून शिक्षणाची भूक निर्माण केली. ती भूक आज घरोघरी आहे, आणि आपल्या ऐपतीबाहेर खर्च करण्याची तयारीही आहे. अशा घरांतील मुलांना दोन वर्षे अंधारात चाचपडू द्यावयाचे, आणि नंतर त्यांच्या गुणपत्रिकेवरून त्यांची लायकी ठरवायची, हा न्याय नव्हे. येत्या जूनमध्ये अकरावीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या मुलाला वेळापत्रकाबरोबर एका माणसाचे नाव सांगितले जावे, ज्याच्याकडे तो आपली अडचण घेऊन निःशंकपणे जाऊ शकेल. सुरुवात तेवढ्यापासूनच करता येईल.