भिडेचा हिशेब

पंगत : खाणं आणि खर्च यांचं साप्ताहिक सदर

बिल येतं ते चामड्याच्या पाकिटात, लग्नपत्रिकेच्या थाटात. सहार विमानतळाजवळच्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात शाळेतले सहा मित्र वीसेक वर्षांनी जेवायला जमलेत, असं धरू. मास्तरांच्या नकला झाल्या आहेत, डाळीची वाटी चाटूनपुसून साफ आहे. पाकीट टेबलाला टेकतं न टेकतं तोच सहाही हात त्यावर झडप घालतात. "मी देतो." "गप रे, मागच्या वेळी तूच दिलंस." या ओढाताणीत बिल वाचायचं मात्र कोणाच्याच मनात येत नाही. मित्रांदेखत आकड्यांवरून बोट फिरवणं म्हणजे कद्रूपणा! 'भीड भिकेची बहीण' ही म्हण लहानपणी घोकलेली माणसंच ही.

खरं तर भीड तासभर आधीच टेबलावर येऊन बसलेली असते. खुर्च्या सरकवून होत नाहीत तोवर वेटर अदबीनं विचारतो, "सर, स्टिल की स्पार्कलिंग?" पर्याय दोनच आणि दोन्ही बाटलीतले. साधं पाणीही हॉटेलात असतंच, पण ते तोंडानं मागावं लागतं. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथसमोर "साधंच आण" म्हणायला जीभ रेटत नाही आणि बाटलीचं झाकण फुटतं.

त्या बाटलीवर एमआरपी छापलेली असली तरी हॉटेलवाला तिच्यापेक्षा जास्त पैसे घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे. हॉटेलांच्या फेडरेशनची बाजू अशी होती, की गिऱ्हाईक इथे नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही. बसायची जागा, वाढणारी माणसं, एकूण वातावरण हे सगळं त्या किमतीत धरलेलं असतं. न्यायालयाला ते पटलं. पटण्यासारखंही आहे. वीस रुपयांचं पाणी प्यायला कोणी झुंबराखाली जात नाही.

मग बिलात वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज कशाचा?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं, की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानं याला स्थगिती दिली आणि पावणेतीन वर्षं दहा टक्के सुखेनैव चालू राहिले. २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि याचिका करणाऱ्या हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा भुर्दंड बसवला. त्यातली एक संघटना म्हणजे २०१७ मध्ये पाण्याच्या बाटलीसाठी भांडलेलं हेच फेडरेशन. वाढणं किमतीतच धरलेलं आहे असं एका कोर्टात सांगायचं आणि त्याच वाढण्याचे वेगळे पैसे हवेत म्हणून दुसऱ्या कोर्टात जायचं! संघटना अपिलात गेल्या, तेव्हा खंडपीठानंही ऑगस्ट २०२५ मध्ये नेमकं याच विसंगतीवर बोट ठेवलं: वातावरणाचे पैसे आधीच किमतीत घेता, मग वर हे कशाला?

आता करांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे १८ टक्के. फरक डाळीत नाही, डाळीच्या वरच्या मजल्यावर आहे. १ एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा, की आदल्या आर्थिक वर्षात हॉटेलनं एखाद्या खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर घेतलं असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. म्हणजे गेल्या वर्षी वर कोणी तरी मऊ गादीवर झोपून गेला, त्याचा कर यंदा खाली जेवणाऱ्यांच्या ताटात पडतो.

आपल्या सहा जणांचं जेवण १५,००० रुपयांचं झालं असं समजा. १८ टक्के जीएसटी धरून १७,७००. दहा टक्के सर्व्हिस चार्ज चिकटवला, तर आधी १५,००० चे १६,५०० होतात, मग त्या सगळ्यावर जीएसटी लागतो आणि आकडा १९,४७० वर जातो. ऐच्छिक म्हणवणाऱ्या दीड हजारावर २७० रुपये कर! साध्या रेस्टॉरंटमध्ये तेवढ्याच किमतीचं जेवण १५,७५० ला आटोपलं असतं.

दारूचा हिशेब निराळा. ती जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर राज्याचा व्हॅट. सहापैकी तिघे पिणारे आणि त्यांचं बिल व्हॅटसकट १२,००० चं, असं धरलं तर सर्व्हिस चार्ज न देताही एकूण २९,७०० होतात. सहात वाटले की माणशी ४,९५०. मोसंबीचा रस पिऊन बसलेल्याचा खरा वाटा यापेक्षा दोन हजारांनी कमी आहे. तो बोलत नाही. कॉलेजात कटिंग चहाचेही पैसे टीटीएमएम करून मोजणारा हाच गडी इथे क्यूआर कोड स्कॅन करायला मुकाट्यानं फोन काढतो.

याचा अर्थ अशा ठिकाणी जाऊच नये असा नाही. सहारच्या आयटीसी मराठामध्ये 'पेशावरी' आहे, दिल्लीच्या 'बुखारा'च्या घराण्यातली. तिथे काटे-चमचे देत नाहीत. गळ्यात एप्रन बांधून, बुटक्या आसनावर बसून, हातानं जेवायचं. पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या धाकानं वरण-भातही काट्यानं टोचणाऱ्या आपल्या मंडळींना असं बसलेलं बघणं हा स्वतंत्र आनंद आहे. काळी डाळ रात्रभर, सांगतात त्याप्रमाणे अठरा तास, मंद आचेवर रटरटते. अख्खे उडीद, टोमॅटो, आलं-लसूण, लोणी, साय. जिन्नस एवढेच, बाकी सगळं काम वेळेचं. नानच्या तुकड्यावर ती घेतली की उडदाचा दाणा दाताखाली येत नाही, जिभेवरच विरघळतो. घरच्या गॅसवर अठरा तास कोण उभं राहणार? त्या डाळीचे पैसे मोजताना हात आखडू नये.

सर्व्हिस चार्ज काढून घ्यायला सांगणं मात्र वाटतं तेवढं अवघड नाही. भांडण नको, कायदा सांगायला नको. "हा काढून नवं बिल द्या" एवढं पुरतं, आणि अडलंच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आपल्या टेबलावर हे वाक्य अखेर मोसंबीवाला बोलतो. क्षणभर शांतता. एक जण हळूच म्हणतो, "जाऊ दे ना रे." मॅनेजर चकार शब्द न काढता पाकीट घेऊन जातो आणि दोन मिनिटांत नवं बिल आणतो. मोसंबीवाला डाळ वाढणाऱ्या मुलाला बाजूला बोलावतो, पाचशेच्या दोन नोटा त्याच्या हातात ठेवतो आणि फोनवर कॅल्क्युलेटर उघडतो.

"आता दारूचं बोलू," तो म्हणतो. तिघे जण एकदम टॉयलेट कुठे आहे ते विचारतात.

— पंगतकर