काय निवडलं आणि का?

बुऱ्हाणपूरच्या घरातला आमचा जुना लॅपटॉप लिनक्सवर चालतो. त्याचं कर्नेल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नको ते ड्रायव्हर गाळून मी स्वतः कंपाइल करते. मागे नवा सोर्स आणला, त्यात जुनी 'डॉट कॉन्फिग' फाइल ठेवली आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलं. एकही प्रश्न आला नाही; वायफाय मात्र गेलं! एका पर्यायाचं नाव बदललेलं, म्हणून जुनी निवड गुपचूप गळाली.

माझं मत विचाराल तर 'मेक ओल्डकॉन्फिग' बरं. ते प्रत्येक नव्या पर्यायाबद्दल विचारतं. वेळ जातो, पण निर्णय आपला राहतो. शिवाय वेगळी वही ठेवाच. फाइलीत काय निवडलं ते असतं, का ते नसतं. तिथे लिहिलेली टीपही पुढच्या वेळी पुसली जाते. समासातल्या नोंदींचं मोल आपल्याला, साहित्याच्या विद्यार्थ्यांना, वेगळं काय सांगायचं?